सरन्यायाधीशांची पाठ

सरन्यायाधीशांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या बायकोच्या एका साध्या प्रश्नाने. जेवता जेवता साहेब ऐटीत सांगत होते, की देशाच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या मताविरुद्ध आजवर एकही निकाल लागलेला नाही. बाईंनी भाजी वाढली आणि विचारलं, "घरात तर तुमचं कुणालाच पटत नाही. तिथंच बरं सगळ्यांना पटतं?"

झालं! साहेबांना पुढचा घास गोड लागेना. तसं त्यात गुपित काही नव्हतं. सुनावणी संपली की खंडपीठातले पाचही न्यायाधीश मागच्या खोलीत टेबलाभोवती बसत, आधी साहेब मत सांगत, मग बाकीचे ज्येष्ठतेच्या क्रमाने त्यांचीच री ओढत. सर्वांत धाकट्या न्यायाधीशबाईंची पाळी येईपर्यंत चहा गार झालेला असे. त्यांना सगळे लाडाने शेंडेफळ म्हणत. शेंडेफळाने नुसतं "सहमत" म्हणायचं आणि कागद आवरायचे, एवढंच काम.

साहेबांनी मग सुधारणाच करून टाकली. यापुढे शेंडेफळ आधी बोलणार, साहेब सर्वांत शेवटी. वर्तमानपत्रांनी तोंड भरून कौतुक केलं. ते पान साहेबांनी बाईंच्या कपाशेजारी अगदी चुकून राहिल्यासारखं ठेवून दिलं.

नव्या पद्धतीतला पहिला खटला एका नर्सचा होता. दवाखान्यात मुदत संपलेली औषधं देतात हे तिने बाहेर सांगितलं आणि तिची नोकरी गेली. बिचारी प्रत्येक सुनावणीला शेवटच्या बाकावर पर्स घट्ट धरून बसायची. साहेबांच्या मते नोकरी करणाऱ्याने अशा गोष्टी चव्हाट्यावर आणायच्या नसतात. पण बैठकीत आपली पाळी येईपर्यंत ते चकार शब्द बोलले नाहीत. शेंडेफळाने नर्सच्या बाजूने सुरुवात केली, मध्येच अडखळली आणि हळूहळू दवाखान्याच्या बाजूला जाऊन थांबली. उरलेले तिघेही तिकडेच गेले. साहेब मनातून हवेत.

घरी आल्या आल्या त्यांनी बाईंना ऐकवलं, की शेवटी बोलूनसुद्धा सगळे त्यांच्याशी सहमत. बाईंनी शांतपणे विचारलं, "शेंडेफळ बोलत होतं तेव्हा तुमचा चष्मा कुठे होता?"

"कुठे म्हणजे? टेबलावर."

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की विषय संपला, हे त्या घरात लेकीला बोलता यायच्या आधीपासून कळत होतं. शाळेच्या सहलीचा हट्ट तिने त्या चष्म्यापायी कितीदा गिळला होता. साहेबांना मात्र हे आज कळत होतं.

निकाल अजून जाहीर व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा बैठक बोलावली, खुर्ची फिरवली आणि चौघांकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करून बसले. ज्येष्ठ सहकाऱ्याने काळजीने तब्येतीची चौकशी केली. साहेब म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, बोला आता.

मग मागून शेंडेफळाचा आवाज आला. "ती गप्प बसली असती तर तीच औषधं लोकांच्या पोटात जात राहिली असती. तिला नोकरी परत मिळाली पाहिजे."

या वेळी ती अडखळली नाही. पाठोपाठ उरलेले तिघेही नर्सच्या बाजूने बोलले, तेही कारणं देऊन. ज्येष्ठ सहकारी तर असे रंगले, की त्यांना आवरावं लागलं. साहेबांनी शेवटी आपलं विरोधी मत नोंदवलं. चार विरुद्ध एक. निकाल वाचला तेव्हा शेवटच्या बाकावरच्या नर्सने पर्समध्ये तोंड लपवलं आणि हमसून हमसून रडली.

संध्याकाळी साहेब घरी आले. बाईंनी दोन-चार टोमणे तयारच ठेवले होते.

"हरलात म्हणे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला, हातातच धरून ठेवला. "आधीच्या खटल्यांतही मी हा काढला असेल ना गं?"

बाईंनी टोमणे गिळले आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.