वरच्या गल्लीचं पाणी

“वरच्यांना बरोबर वठणीवर आणलंस,” दुकानदार म्हणाला आणि खड्ड्यावर वाकलेल्या चावीवाल्याच्या पाठीवर त्याने थाप मारली. “बोलत नाहीस, पण करून दाखवतोस. अशी माणसं पाहिजेत आपल्या पक्षाला.”

चावीवाल्याचा हात चावीवर थांबला. चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवी मूठ. रस्त्याखालच्या खड्ड्यात ती व्हॉल्व्हवर बसवून फिरवली की गल्लीला पाणी सुटायचं. इतकी वर्षं तो हेच करत होता, त्यामुळे त्याचं खरं नाव फक्त पगार वाटणाऱ्या कारकुनाला आणि बायकोला माहीत होतं, आणि बायको ते घेत नसे.

“कुणाला आणलं वठणीवर?” त्याने विचारलं.

“आता माझ्यापासून काय लपवतोस? वर्ष होऊन गेलं, वरच्या गल्लीला धड दोन बादल्या मिळत नाहीत. आणि इथे बघ, आमच्याकडे बायका पायऱ्या धुतायत. द्या म्हणावं अजून त्या पक्षाला मतं.” दुकानदार हसला. सिमेंट आणि नळाच्या तोट्या विकणारा हा माणूस खालच्या गल्लीत पक्षाचं काम बघायचा. शटर वर ढकलता ढकलता तो पुन्हा वळून म्हणाला, “संध्याकाळी ये पक्षाच्या ऑफिसात. सगळ्यांसमोर सांगतो तुझं.”

चावीवाल्याने म्हणायला हवं होतं, की तसं काही नाही, पाइप जुना आहे. हे वाक्य त्याने विचारणाऱ्यांना, बायकोला आणि स्वतःलाही इतक्यांदा ऐकवलं होतं की ते झोपेतही आलं असतं. आज ते तोंडाशी आलंच नाही. शिवी खाल्ल्यावर माणूस सावरतो, पण या शाबासकीने त्याला भर रस्त्यात नागडं केल्यासारखं वाटलं.

कागदावर त्याची काहीच चूक नव्हती. दोन्ही गल्ल्यांना सारखाच वेळ ठरलेला होता आणि तो घड्याळ लावून चावी फिरवायचा. पण दोन्ही गल्ल्या एका उतारावर होत्या. खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला तर पाणी वर चढायचं नाव घेत नाही. तो आधी आवळावा लागतो, मग वरचा उघडायचा, मग बराच वेळ वरच्या नळांमधून नुसती हवा फुसफुसते, आणि त्यानंतर कुठे धार लागते. ज्या वस्तादाने त्याला काम शिकवलं तो घड्याळच वापरत नसे. “वेळ बघून बंद करायचं ते दुकान,” तो म्हणायचा. “पाणी शेवटच्या घराला विचारून बंद करायचं.” म्हणून वस्ताद चढ चढून वर जायचा, शेवटच्या दारात उभा राहून ‘पुरलं का?’ विचारायचा आणि मगच खाली उतरायचा.

चावीवाल्यानेही वर्षानुवर्षं तेच केलं होतं. त्यात कष्टही नव्हते, कारण वरच्या गल्लीतलं शेवटचं घर त्याच्या ताईचं होतं.

ताई लोकांचे कपडे धुवून इस्त्री करून द्यायची. खिडकीखाली तिचं मोठं पत्र्याचं पिंप. तो खिडकीशी आला की ती बोटाच्या पेराने पिंपावर टकटक करायची. पिंप रिकामं असलं की खणखण वाजायचं, भरत आलं की आवाज बसत बसत जायचा, आणि अगदी ठप्प वाजलं की ताई म्हणायची, “पुरलं रे. जा, बंद कर.” भावोजी आतून ओरडायचे, “सरकार, चहा घेऊन जा. नाहीतर उद्या पाणी तोडाल.” आणि चावीवाला म्हणायचा, “साखर कमी घातलीत तर आजच तोडतो.” हा विनोद त्यांना कधी जुना वाटला नाही.

तेव्हा भावोजी विरोधी पक्षाचे होते आणि चावीवाला कुणाचाच नव्हता. एकदा याला मत, एकदा त्याला. ज्याने रस्ता केला त्याला, नाहीतर ज्याने निदान खोटं कमी सांगितलं त्याला. निवडणुकीला दोघं मेहुणे बरोबर जायचे, एकमेकांची मतं खोडायचे आणि परतताना एकाच टपरीवर चहा प्यायचे.

मग काय बदललं ते सांगणं अवघड आहे. चावीवाल्याने काही वाचलं नाही, कुणाचं भाषण ऐकून त्याला साक्षात्कार झाला नाही. सगळीकडे आवाज चढत गेला, एवढंच. कचेरीतली माणसं दोन टेबलांवर डबे खायला लागली आणि कुठल्यातरी एका टेबलावर बसणं भाग होतं. त्या टेबलावर फोन फिरायचे, फोनमध्ये वरच्यांच्या पक्षाचा कुणीतरी पुढारी कायम काहीतरी भयंकर बोलत असायचा. भावोजींच्या फोनमध्ये या टेबलाच्या पक्षाचे पुढारी तसलंच बोलत असणार. एके दिवशी जेवताना भावोजी म्हणाले, “तुमच्यासारख्या मुक्या लोकांमुळेच वाट लागली.” चावीवाला ताटावरून उठला. त्या दिवसापर्यंत तो कुणाचा नव्हता; घरी पोहोचेपर्यंत तो पक्का झाला होता. आपण होतो तिथेच आहोत, सरकला तो समोरचा, असं दोघंही म्हणत राहिले.

त्यानंतर चढ चढायचा त्याला कंटाळा यायला लागला. गुडघ्यांचं निमित्त होतंच. एकदा घड्याळ बघून बंद केलं, कुणी काही बोललं नाही. मग रोजच. पुढे खालचा व्हॉल्व्ह आवळायचंही राहायला लागलं. बायको एकदा म्हणाली, “ताईंनी धुणं सोडलं म्हणे, नुसती इस्त्री करतात.” तो म्हणाला, “वय झालं आता तिचं.” आणि पोळीचा तुकडा मोडत बसला.

हे सगळं त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण आपल्यालाच माहीत आहे तोवर ते काहीच नाही, असं तो धरून चालला होता. आज दुकानदाराने ते तोंडावर बोलून दाखवलं.

वरच्या गल्लीची वेळ झाली. चावीवाल्याने खालच्या व्हॉल्व्हवर चावी बसवली आणि तो आवळायला घेतला. या वेळी आवळून घ्यायची सवय सुटलेला व्हॉल्व्ह कुरकुरला. पायऱ्या धुणाऱ्या बाईच्या हातातल्या पाइपची धार बोटभर झाली.

“अहो, पाणी बारीक झालं,” ती म्हणाली.

“वर सोडायचंय.”

“मग रोज कसं जातं वर?”

दुकानदार काउंटरवरून बघत होता. मघाचं हसू अजून त्याच्या तोंडावर होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं. “काय रे,” तो सावकाश म्हणाला, “बहीण आठवली वाटतं?”

“हो,” चावीवाला म्हणाला. त्याने वरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, चावी खांद्यावर टाकली आणि चढ धरला.

चढ तेवढाच होता, पण मध्ये दोनदा थांबावं लागलं. दारादारांत बायका बादल्या घेऊन बसल्या होत्या. नळ फुसफुसत होते. पूर्वी त्याला बघून कुणीतरी थट्टा करायचं. आज एक म्हातारी नुसती बाजूला सरकली, साहेबाला वाट द्यावी तशी. त्याची मान खाली गेली.

ताईच्या खिडकीशी तो उभा राहिला. ती इस्त्री करत होती. केस बरेच पिकले होते. त्याला बघून तिने इस्त्री उभी ठेवली.

“कोण मेलं?” तिने विचारलं.

“कुणी नाही. पाणी सोडलंय, ते बघायला आलो.”

“बस मग. हवाच येते अजून.”

आत मोरीत नळ फुसफुसत होता. तो दारातच उभा राहिला. आतल्या खोलीत भावोजींचा खोकला ऐकू आला, आणि फोनवर कुणीतरी तावातावाने बोलत होतं ते बंद झालं.

“ताई, पाणी पुरत नव्हतं तर सांगायचं होतंस.”

“तुला?”

“कचेरीत. तक्रार करायची होती.”

“कुणाची करू?” ताईने शर्टाची कॉलर सरळ केली. “हे निघाले होते दोनदा. मी चपला लपवल्या. गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, पाइप जुना आहे. चौकशी लागली असती तर तुझी नोकरी राहिली असती का?”

चावीवाल्याने खांद्यावरची चावी खाली टेकली. त्याचं ते खोटं ताई वर्षभर दारोदार सांगत होती, आणि तहानलेल्या गल्लीने ते तिच्या शब्दावर मानलं होतं.

भावोजी आतल्या खोलीच्या दारात आले. पूर्वीपेक्षा वाळलेले. “बसा,” ते म्हणाले, आणि स्वतः उभेच राहिले. “एक विचारू? खरं सांगा. हे वरून हुकूम आला म्हणून केलंत, की पक्षाने सांगितलं?”

हुकूम असता तर किती बरं झालं असतं, असं चावीवाल्याला वाटलं. साहेबाचं नाव घेता आलं असतं, दुकानदाराचं घेता आलं असतं.

“कुणीच नाही सांगितलं,” तो म्हणाला. “मीच.”

भावोजी काहीतरी बोलणार होते. वर्षभर जमवून ठेवलेलं बरंच असणार. पण त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाले, “अगं, चहा टाक त्याला.” आणि आत गेले. सरकार म्हणाले नाहीत.

नळाने एकदा खाकरून पाणी फेकलं. लालसर, मग गढूळ, मग स्वच्छ. ताईने भराभर दोन बादल्या लावल्या. त्या भरल्या तरी धार जोरात होती. तिने पातेलं लावलं, तेही भरलं. मग ती धारेकडे बघत नुसती उभी राहिली.

“ताई, पिंप लाव की. आज भरेपर्यंत बंद करत नाही.”

“पिंप कुठलं काढू आता?” ती म्हणाली.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ताई इस्त्री करत होती ते टेबल नव्हतंच. खिडकीखालचं ते पत्र्याचं पिंप उपडं घातलं होतं, त्यावर फळी, फळीवर घडी घातलेली चादर, आणि चादरीवर लोकांच्या शर्टांचा ढीग. पिंपाच्या काठाशी बाहेरून सांडलेल्या पाण्याची जुनी गंजकी रेघ आता खाली जमिनीशी गेली होती.

“मी उचलतो ना. शर्ट बाजूला ठेव, मी काढतो.”

“दुपारपर्यंत द्यायचेत ते. आणि इस्त्री कशावर करू?”

“उद्यापासून रोज येतो वर. विचारून बंद करीन. शपथ.”

“ये,” ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागावली असती तर त्याला तिच्या पाया पडता आलं असतं. “गुडघे जपून ये. पण पिंप राहू दे. उद्या सुलटं केलं आणि परवा तुमचं परत बिनसलं, म्हणजे माझं धुणं-इस्त्री दोन्ही जायचं.”

चहा झाला. त्याने तो उभ्यानेच घेतला. साखर कमी होती, आणि तो काही बोलला नाही. मग तो बाहेर आला आणि नेहमीच्या जागी, खिडकीशी, चावी टेकून उभा राहिला. गल्लीत ठिकठिकाणी बादल्या भरल्याचे आवाज येत होते. एकेक नळ बंद होत होता. खालून दुकानदाराची हाक ऐकू आली, मग दुसऱ्या कुणाची. त्याने तिकडे पाहिलं नाही.

“पुरलं का?” त्याने विचारलं.

ताईने इस्त्री उचलता उचलता, जुन्या सवयीने, फळीखाली हात घालून पिंपावर बोटाने टकटक केलं. पिंप खणखण वाजलं. तो आवाज दोघांनीही ऐकला.

“पुरलं रे,” ती म्हणाली. “जा, बंद कर.”