दोन मिनिटं दहा सेकंदांचं भूत

भांड्यातलं पाणी थरथरलं तेव्हा चारशे माणसांनी एकदमच श्वास रोखला. थिएटरच्या पडद्याखाली, लाकडी मंचावर, काचेचं भांडं ठेवलेलं. आसपास दहा हात कुणी नाही. पडद्यावर एक बाई पाठमोरी बसलेली. दार कुरकुरलं. मग चिडीचूप. मग कुणीतरी खोल, घरघरता श्वास घेतला, अगदी कानाशी घ्यावा तसा, आणि पाण्यावर वलयं उठली.

"आली!" मौनीबाबा गरजले. "पाहिलंत? आता ती या सभागृहात आहे. घाबरू नका, पण हलूही नका!"

यांना मौनीबाबा का म्हणतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी दहापासून ते अखंड बोलत होते.

शेवटच्या रांगेमागे उभा असलेला संकलक पाण्याकडे बघत नव्हता. त्याची नजर दारावर होती. सिनेमा दुसऱ्याचा असला, तरी त्याचा हा दोन मिनिटं दहा सेकंदांचा ट्रेलर त्यानेच कापला होता. तीन आठवड्यांपूर्वी याच थिएटरात हाच ट्रेलर बघताना त्याची भाची खुर्चीतून कोसळली होती. दातखिळी बसली, हातपाय झटकले. तिला बाराव्या वर्षापासून फिट येतात, रोज गोळ्या चालू, हे घरात सगळ्यांना माहीत. पण पाठोपाठ आणखी दोघींना भोवळ आली, आणि पडद्यातली बाई माणसांत शिरते असं ठरून गेलं. निर्माता तर हरखला. "तू तोंड उघडू नकोस. अशी प्रसिद्धी मागून मिळत नाही!" आणि तीन आठवडे संकलकाने तोंड उघडलं नव्हतं.

आज सकाळी ताईचा फोन आला. "मौनीबाबांनी पोरीच्या गोळ्या परवापासून बंद केल्यात. औषधाने ती बाई आत अडकते म्हणे. आज सात वेळा ट्रेलर दाखवणार, म्हणजे आली तशी निघून जाईल."

तो चपला घालायच्या आत धावत सुटला होता.

पहिली फेरी लोकांसाठी होती. दिवे लागले, दार उघडलं, आणि ताई-भाऊजी भाचीला दोन्ही बाजूंनी धरून आत घेऊन आले. पोरीचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"तिला पहिल्या रांगेत बसवा," बाबा म्हणाले.

"नाही!" संकलक मधल्या वाटेने पुढे आला. "ताई, तिथेच थांब. तिला पडद्याकडे बघू देऊ नकोस."

"हे महाशय कोण?"

"हा ट्रेलर मी कापलाय."

"म्हणजे या मुलीचे अपराधी तुम्हीच!"

"हो," संकलक म्हणाला. "पाच मिनिटं द्या, कसा ते सांगतो."

बाबांना 'हो'ची अपेक्षा नव्हती. तेवढ्यात संकलकाने वर ऑपरेटरला हाक मारली, "पुन्हा लाव. आवाज बंद ठेव. आणि दीड मिनिटाला थांबव!"

आवाजाविना ट्रेलर सुरू झाला. बाई बसली होती. दार हललं. पाणी ढिम्म. पुढच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली.

"आता चित्र बंद, फक्त आवाज."

काळ्या पडद्यासमोर तोच श्वास घुमला, आणि लगेच पाणी थरथरलं. संकलकाने भांडं उचलून मागच्या दारापाशी नेलं. श्वास पुन्हा घुमला. पाण्याला त्याचा पत्ताही नाही.

"मंचाखाली मोठा स्पीकर आहे. मी त्यात इतका खालचा घुमारा घातलाय, की तो धड ऐकू येत नाही, नुसता छातीत जाणवतो. बाबांनी भांडं बरोबर त्याच्या डोक्यावर ठेवलं. बरं, बाईचा चेहरा कुणी पाहिला?"

पंचवीस-तीस हात वर झाले.

"भाजलेला होता."

"छे, डोळेच नव्हते!"

"थेट आमच्या सासूबाई," एक बाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच हशा पिकला.

"चित्रीकरणाच्या दिवशी नटीला ताप होता. पडद्यावरची बाई म्हणजे फरशी पुसायच्या दांड्यावर अडकवलेला विग आहे. चेहरा दाखवायला नव्हताच, म्हणून दाखवला नाही. ज्याला ज्याची धास्ती, त्याने तो चेहरा तिथे बसवला. माझा धंदाच तो आहे."

"आणि श्वास?" बाबा कडाडले. "तो जिवंत माणसाचा नाही!"

संकलकाने मंचापाशी परत येऊन माईक उचलला, मोबाइल काढून त्यापाशी धरला. मूळ आवाज, मूळ वेगात. घुर्रर्र... फूस्स. घुर्रर्र... फूस्स.

"अगंबाई!" ताई ओरडली. "हे तर आमच्या ह्यांचं घोरणं!"

"चोरटा मेव्हणा!" भाऊजी पुटपुटले. "विचारलंस तरी का मला?"

"चौपट संथ केलंय, भाऊजी. चुकलो."

सभागृह हसलं. बाबांनी मात्र हुकमाचं पान राखून ठेवलं होतं. "हसा! पण मुलगी पडली ना? तिलाही घोरण्यानेच पाडलं?"

हसणं विरलं. ताईने भावाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "शेवटी नऊ सेकंद पांढरं-काळं, पांढरं-काळं चमकतं. लोक बेचैन व्हावेत म्हणून. काही जणांना अशा लखलखाटाने फिट येते. डॉक्टरांनी हिच्याबद्दल हे आपल्याला बजावलं होतं, ताई. मला माहीत होतं. तरी माझी करामत बघायला मीच तिला बोलावलं. ती पडली तेव्हा कशाने पडली ते मला कळलं, आणि मी गप्प बसलो. मी बोललो असतो तर या माणसाला इथे उभं राहायला जागाच मिळाली नसती. आता गोळ्या नाहीत, आणि वर तो लखलखाट सात वेळा!"

ताईने भाचीला जवळ ओढलं. भावाकडे पाठ फिरवली. बाबांना मात्र म्हणाली, "माझ्या पोरीपासून लांब व्हा." मग नवऱ्याला, "गाडी काढा. आधी डॉक्टर."

दाराशी भाची वळली. "मामा, ते नऊ सेकंद काप."

"आजच कापतो."

लोक उठू लागले. संकलकाने माईक सोडला नव्हता.

"भीती वाटली याची लाज नको. ती वाटावी म्हणून आम्ही महिनामहिना राबतो. पण वाटली की विचारा: आवाज कुठून आला? काय दाखवलं नाही? आणि उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. माझ्यासारखा कुणी माहीत असून गप्प बसलाय म्हणून तर मुळीच नाही."