सहा पत्र्यांवरची माती

छपराला टिनाचे बारा पत्रे होते. सहा रत्नमालाच्या खोलीवर, सहा तिचा दीर विनोद याच्या खोलीवर. मधे विटांची एक भिंत. दोन्ही खोल्यांना एकेक दार, एकेक खिडकी, दारं पूर्वेला. रत्नमालाच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली आठशे पानं, तंबाखू आणि दोऱ्याचा गुंडा. भिंतीपलीकडे विनोदची बायको रीना हिच्याही मांडीवर तेवढंच. दोघींना पानं एकाच पोत्यातून मिळत. दोन्ही खोल्यांत पंखा होता आणि विड्या वळताना दोघीही तो लावत नसत, कारण पंख्यानं तंबाखू उडते आणि पान सुकतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी रत्नमालाच्या आठशे विड्यांतून गोपीचंदनं एकशे बारा बाजूला काढल्या.

गोपीचंद गावाचा सट्टेदार. कारखान्याकडून पान-तंबाखू त्याच्याकडे येई, तो ती गावातल्या बायांना वाटे आणि संध्याकाळी वळलेल्या विड्या ओसरीवर बसून तपासून घेई. फुटक्या विडीला छाट म्हणतात. छाट मोजणीत धरत नाहीत, परतही देत नाहीत. ती त्याच्या वेगळ्या पोत्यात जाते.

"हात बिघडला तुमचा, रत्नमालाबाई," तो म्हणाला. "वय झालं आता."

"एकेचाळीसची आहे मी. तुमची बायको माह्याच वर्गात होती. तिले सांगता का हे?"

रांगेतल्या बाया हसल्या. गोपीचंदचं तोंड उतरलं आणि लगेच कडकही झालं.

"हसा. मे सरेपर्यंत छाट शंभराच्या खाली नाही आली, तं रजिस्टरातून नाव काटीन."

हसणं थांबलं. रजिस्टरात नाव तर विडी कामगाराचं कार्ड, आणि कार्ड तर दवाखाना. सासरे केशवराव यांचं दम्याचं औषध त्या कार्डावर येत होतं. गोपीचंदला हे माहीत होतं, म्हणून तर तो सगळ्यांसमोर बोलला.

रत्नमाला घरी आली ती तणतणतच. चोवीस वर्षं ती विड्या वळत होती. हात बिघडला म्हणजे काय? तिनं आपला हात दिव्याखाली धरून पाहिला. बोटं सरळ होती, थरथरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळी अकरापर्यंत वळलेल्या पंचवीस-पंचवीस विड्यांच्या जुड्यांना दोऱ्याची एक गाठ मारली आणि नंतरच्या जुड्यांना दोन. संध्याकाळी गोपीचंद छाट काढत होता तेव्हा ती शेजारी बसून मनातल्या मनात मोजत होती. एका गाठीच्या जुड्यांत सात फुटक्या. दोन गाठींच्या जुड्यांत अठ्ठ्याण्णव.

"हे पाहा भाऊ. सकाळी हात चांगला, दुपारी खराब, असा कोणता हात राहते? टिन तापते, पान सुकते, अन् वळलं का फाटते. हाताचं काही नाही त्याच्यात."

"टिन सगळ्याइच्या घरावर आहे."

"अन् छाट सगळ्याइचीच निघून राहिली."

"सगळ्याइची शंभरावर नाही निघत," गोपीचंद म्हणाला आणि पुढच्या बाईचं सूप ओढलं.

बाहेर झाडाखाली बसावं तर दुपारचा गरम वारा, लू, पान आणखीच सुकवी. सकाळ-संध्याकाळच वळावं तर पाणी, स्वयंपाक आणि म्हाताऱ्याचं पाहणं यांतून आठशे होत नसत. उरत होती ती खोली, आणि खोलीवरचं टिन.

गावात एकट्या सुशीलाबाईची छाट वीसच्या वर जात नसे. लोक म्हणत, जुना हात आहे. सुशीलाबाईचं घर कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं होतं आणि त्यावर भोपळ्याचा वेल वर्षानुवर्षं पसरलेला. रत्नमाला एका दुपारी तिथं जाऊन बसली. खोलीत ओल होती, पान रबरासारखं वळत होतं. जुना हात वगैरे काही नाही, हे तिला पाच मिनिटांत कळलं. वेल मात्र सरळ टिनावर चढवून चालणार नव्हतं. मागच्या वर्षी तिनं दोडका चढवला होता. त्याचा शेंडा टिनाला लागला आणि एका दिवसात करपला.

तिचा नवरा सुगत वरठीला कामाला होता, त्याला रविवारची सुट्टी. पहिल्या रविवारी त्यानं छपरानं मातीचं वजन पेलावं म्हणून खोलीत सागाचे तीन टेकू उभे केले. दुसऱ्या रविवारी खताची रिकामी पोती उसवून, शिवून, टिनावर अंथरली. त्यावर बांबूच्या आडव्या कामट्या बांधल्या, म्हणजे माती उतारानं घसरणार नाही. मग तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, थर. मग आटलेल्या तलावातला गाळ वीस घमेली आणि वजन हलकं राहावं म्हणून धानाचं तूस वीस घमेली. गाळ रत्नमालानं डोक्यावर आणला. मातीत तिनं रताळ्याचे वेल खोचले आणि कडेनं घोळीची भाजी पेरली.

विनोद भातगिरणीत कामाला होता. तो रोज सायकल टेकवून वर पाही आणि काहीतरी बोलल्याशिवाय आत जात नसे.

"वहिनी, नांगर चढवाले क्रेन आणू का?"

"तुमच्या सहा पत्र्यावर बी टाकू का भाऊजी? दोन घमेली उरली."

"माह्या टिनाले हात लावू नका. सडून जाईन. लोक हसून राहिले आपल्याले."

"लोक हसते म्हणून तुमची बायको भाजून काढता?"

विनोद आत गेला. रीना दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून पानं भिजवलेलं उरलेलं पाणी ती मोरीत न ओतता बादलीत साठवू लागली. रोज दोघींचं मिळून चार बादल्या पाणी शिडीनं वर जाई. एप्रिलभर छपरावर हिरवं कमी आणि काळं जास्त दिसत होतं. मे लागला तेव्हा रताळ्याच्या पानांनी कामट्या झाकल्या आणि रत्नमालाची छाट उतरू लागली. ऐंशी, एकसष्ट, सत्तेचाळीस. मेच्या अठरा तारखेला चौतीस.

त्याच दिवशी रीनाची छाट निघाली एकशे नऊ.

गोपीचंदनं दोन्ही ढीग शेजारी ठेवले आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पाहा. दम देल्ला तं सुधारला हात. आता रीनाले दम द्या लागते. तिचा बिघडला."

रत्नमालाच्या कानशिलात सणक गेली. नाव काटीन म्हणाला होता तेव्हाही ती इतकी तापली नव्हती.

"दीड महिना मी डोक्यावर गाळ वाहला," ती म्हणाली. तिचा आवाज खाली होता आणि शब्द सुटेसुटे येत होते. "उन्हात शिडी चढली. अन् सुधारला तुमच्या दमानं?"

"माती टिनावर आहे. बिडी हातानं वळते."

"मंग उद्या मी रीनाच्या खोलीत बसते. रीना माह्या खोलीत बसन. छाट बाईच्या मांगं गेली, तं हात खराब. दोघीचंही नाव काटा. छाट खोलीतच राह्यली, तं टिन खराब. मंग पाणी पडेपर्यंत एकाही बाईचं नाव काटाचं नाही."

"ताई," रीना तिचा पदर ओढत म्हणाली, "माहं नाव काहून लावता मधात?"

"मी नाही लावलं. त्यानं लावलं, आत्ताच."

ओसरीवर एकोणीस बाया होत्या. एकीनंही सूप हलवलं नाही. गोपीचंदनं त्यांच्याकडे पाहिलं, मग सुपांकडे.

"तुम्ही मुद्दाम फोडसाल," तो म्हणाला.

"बसा न मंग माह्या बाजूले. खुर्ची देते."

"बसते तो," सुशीलाबाई मागून म्हणाली. "अन् पानं मी भिजवीन, एकाच टोपल्यात. मोजीन बी मीच. मंजूर आहे का गोपीचंद, नाहीतं सगळ्याच सुपं आता उचलून नेतो आम्ही."

गोपीचंदनं होकाराची मान हलवली.

तो दुसऱ्या दिवशी अकराला आला. रीनाच्या खोलीत त्याला प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. रत्नमाला समोर मांडी घालून वळत होती. पहिला अर्धा तास तो तिच्या बोटांवरच नजर ठेवून होता. मग रुमाल काढला. मग शर्टाची दोन बटणं सोडली.

"पंखा लावा न."

"तमाखू उडते."

"खिडकी तरी उघडा."

"लू येते. पान सुकते."

"मंग बसता कशा इथं?"

"तेच पाहाले बसवलं तुमाले."

पानाची कड तिच्या बोटाखाली चरचरली आणि फाटली. तिनं ती विडी तशीच जुडीत घातली. गोपीचंदनं पाहिलं आणि रुमालानं मान पुसली. साडेबाराला तो पाण्यासाठी उठला. तांब्या पलीकडच्या खोलीत होता. तो तिकडे गेला आणि परत आला नाही. मग सुशीलाबाई त्याच्या खुर्चीवर येऊन बसली.

तीनला विनोद गिरणीतून लवकर आला. रत्नमालाच्या खोलीत त्याची बायको विड्या वळत होती आणि भिंतीला पाठ टेकून सट्टेदार घोरत होता.

"हा इथं काहून झोपला?" त्यानं विचारलं.

"आपल्या खोलीत जीव घाबरते म्हणे त्याचा," रीना मान वर न करता म्हणाली. "तुम्ही जा न, पाहा बसून. ताई चार घंट्यापासून बसली तिथं."

विनोद पलीकडे गेला. रत्नमालाचा पदर पाठीला चिकटला होता आणि हाताला घामोळ्या उठल्या होत्या. तिनं पुढचं पान उचललं. बोलली असती तर काय बोलली असती याची तिला स्वतःलाच भीती वाटत होती. त्यानं दाराशी थांबून चौकटीच्या वरच्या टिनाला बोट लावून पाहिलं आणि झटक्यात मागे घेतलं.

संध्याकाळी गोपीचंदच्या ओसरीवर सुशीलाबाईनं बत्तीस आणि बत्तीस जुड्या सोडल्या आणि एकेक विडी उजेडात धरून, मोठ्यानं मोजत, छाट वेगळी काढली. मोजणीला पाऊण तास लागला. गोपीचंदनं दोन्ही ढीग पुन्हा स्वतः मोजले.

माती घातलेल्या सहा पत्र्यांखाली रीनाच्या आठशे विड्यांत छाट निघाली एकोणतीस. उघड्या सहा पत्र्यांखाली रत्नमालाच्या आठशे विड्यांत एकशे सतरा.