सातवा ओंडका

आमच्या लहानपणी आलेल्या एका सिनेमात नायक नदीत तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून उड्या मारत अर्ध्या मिनिटात पैलतीर गाठतो, भिजतसुद्धा नाही. सिनेमा चालला म्हणून कुणीतरी घाईघाईत त्याचा व्हिडिओ गेम काढला. त्यात नायकाचं तोंड बटाट्यासारखं दिसायचं, आणि त्याच नदीतल्या सातव्या ओंडक्यावर आमची तीन वर्षं गेली. ओंडका बुडायचा, पाठोपाठ बटाटाही.

आमच्याकडे कंट्रोलर एकच होता. त्यावरून रोज इतकी जुंपायची की शेवटी आईने निवाडा केला: डावी बाजू ताईची, उजवी ढब्बूची, पुन्हा आवाज आला तर गेमचं खोकं माळ्यावर. मग आम्ही खांद्याला खांदा लावून बसायचो आणि एकच कंट्रोलर दोघं धरायचो. मी नायकाला पळवायचे, माझा धाकटा भाऊ ढब्बू उडीचं बटण दाबायचा. कधी दाबायचं ते अर्थातच मी सांगायचे, कारण मी चार वर्षांनी मोठी. मी "आता" म्हणायचे, तो दाबायचा, आणि आम्ही बुडायचो. मग मी त्याला गोगलगाय म्हणायचे.

ढब्बू आता छत्तीस वर्षांचा आहे. अंगाने काडी, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तो छापखान्यात पुस्तकं बांधतो, सुईदोऱ्याने पानं शिवून त्यांवर पुठ्ठा चढवतो. तीन महिन्यांपूर्वी कागद कापायच्या मशीनचं पातं त्याच्या उजव्या अंगठ्याला लागलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आता अंगठा सारखा वाकवत राहिलात तर कामाचा होईल, नाहीतर असाच ताठ राहील. मालकाने महिनाअखेरपर्यंत त्याची जागा ठेवली. आणि हा पठ्ठ्या हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसला.

माझं चष्म्यांचं दुकान बंद केलं की मी रोज त्याच्याकडे जायचे. "आता वाकव. आता सोड. आता परत." तो दोनदा करायचा आणि दुखतंय म्हणून थांबायचा. मी चिडायचे, आणि घरी परतताना मला रडू यायचं. हातात सुई नसलेला ढब्बू मला परका वाटत होता.

एका रविवारी मी माळ्यावरून ते खोकं काढलं. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने गालातल्या गालात हसत ढब्बूच्या टीव्हीला वायर जोडून दिली.

"हे काय काढलंस आता?" ढब्बूने विचारलं.

"डावी बाजू माझी."

"ताई, माझा अंगठा..."

"म्हणूनच."

पहिल्या दिवशी आम्ही पहिल्याच ओंडक्यावर तीस वेळा बुडालो. बुधवारी तो ओंडक्यांना शिव्या घालायला लागला, तेव्हा मला फार बरं वाटलं. शुक्रवारी आम्ही सातव्यापर्यंत पोचलो. मी "आता" म्हटलं, त्याने दाबलं, बुडालो. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "गोगलगाय."

त्याने हात काढून घेतला. मला जीभ चावावीशी वाटली.

"एक सांगू?" तो म्हणाला. "लहानपणापासून सांगायचं राहिलंय. ओंडका बुडायला लागला की तू 'आता' म्हणतेस. ते ऐकून मी दाबेपर्यंत तो गेलेला असतो."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू ऐकणार होतीस?"

तीन वर्षं मी त्याला बोल लावला आणि चूक माझ्या तोंडाची होती. शिवाय गेला महिनाभर मी त्याच्या अंगठ्याच्या मागे लागून तेच करत होते. मला लाज वाटली.

"बरं, आता नाही बोलत," मी म्हटलं.

"जमेल?"

"खेळ तू."

मी ओठ आवळून बसले. मला ओळखणाऱ्या कुणालाही ते दृश्य दाखवलं असतं तर त्याने आधी माझी नाडी पाहिली असती. पुढचे दोन डाव आम्ही बुडालो, मी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या डावात सहाव्या ओंडक्यावरून सातव्यावर आलो. माझ्या मते अजून वेळ होता. पण त्याचा अंगठा वाकला, कंट्रोलर माझ्या हातात किंचित हलला, आणि बटाटा पैलतीरावर उभा होता.

मग पडद्यावरचं चित्र पुढे सरकलं. पलीकडे आणखी एक नदी होती, पहिलीपेक्षा रुंद.

ढब्बू इतका हसला की त्याला ठसका लागला. हसू आवरल्यावर म्हणाला, "सोमवारी मालकांकडे जातो. एकटाच. तू आलीस तर कधी शिवायचं ते त्यांनाही सांगशील."

"पण अजून दुखतंय ना?"

"दुखतंय. सोड ती बाजू."

मला सोडवेना. मग त्यानेच हळूच कंट्रोलर ओढून घेतला आणि पहिल्यांदाच दोन्ही हातांत धरला. माझे हात रिकामे झाले. ते कुठे ठेवायचे तेही मला सुचेना, म्हणून मी ते मांडीखाली दाबून धरले. त्याचा अंगठा बटणावर वाकला. त्याने कळवळून तोंड वाकडं केलं, नायक बुडाला, आणि कुणी काही न सांगता तो अंगठा पुन्हा वाकला.