पापाचा फेस

देवळापुढं निळ्या टिपाडांची रांग लागली होती. त्या दुष्काळात टँकर आला तरी एवढी लांब रांग लागत नसे. आज मात्र टिपाडांत पाणी भरायचं नव्हतं. पाप मोजायचं होतं.

निर्मळनाथ महाराज भगव्या कापडात गुंडाळलेली बाटली तिरकी करीत. टिपाडाच्या आतल्या पांढऱ्या, नखानं न निघणाऱ्या थरावर चार थेंब पडले, की फस्सकन फेस येई. उदाचा धूर एवढा, की शेजारचा माणूस दिसू नये.

"बघा, घराचं पाप उकळतंय! पाणी उडून जातं, पाप चिकटून ऱ्हातं!"

दूध संस्थेचे सचिव त्रिंबकराव पुढं बसून टाळ वाजवत होते. कीर्तनाचं वेड असं, की बुवांचा सूर लागला की आधी त्यांची अक्कल मिटे आणि मागाहून डोळे. महाराजांनी आल्या दिवशीच अभंग आळवला आणि त्रिंबकरावांनी निकाल देऊन टाकला: ज्याच्या गळ्यात एवढा गोडवा, त्याच्या पोटात खोट असेलच कशी?

त्यांच्या टिपाडावर थेंब पडले. फेस नाही. पुन्हा पडले. तरी नाही.

"निर्मळ घर!" महाराजांनी त्यांना हार घातला. त्रिंबकरावांनी मान लववली. पण मागं उभ्या असलेल्या बायकोकडं, भिवराबाईकडं, बघायची त्यांची छाती झाली नाही.

शेवटचं टिपाड गावाच्या टोकाला राहणाऱ्या छबुबाईचं. थेंब पडले आणि दुधाला ऊत यावा तसा फेस वर आला.

"हिनंच पाऊस अडवलाय!" महाराज गरजले. "हिच्या दारी टँकर जाता कामा न्हाई!"

"आसं नका करू महाराज," छबुबाई खालीच बसली. "लेक बाळंतीण हाय घरी. चार दिसाचं लेकरू हाय. त्याला न्हाऊ कशानं घालू?"

"तिंबकराव," टँकरवाला शहादेव म्हणाला, "टँकर संस्थेचा, यादी तुमच्याकडं. काटा नाव."

त्रिंबकरावांनी पेन काढलं. पेन काही चालेना.

"अवो, काटा की," भिवराबाई मागून म्हणाली. "निर्मळ माणसाचं पेन कावून अडलंय?"

त्रिंबकरावांनी गळ्यातला हार उतरवला.

"मंडळी, मी चोर हाय. महाराज टिपाडं तपासणार हे परवा कळलं. आता माझी पापं मलाच ठावं! माझं हे टिपाड म्हशीला पाणी पाजायचं. त्यात बोअरचं पाणी, बोटभर थर. मी लोखंडी घासणी घेऊन बसलो, तर ही म्हणाली, प्लास्टिकला ओरखडे पडतील, त्यात घाण बसंल. मग चिंचेच्या कोळात फडकी भिजवून थरावर चिकटवली. दोन दिस वाळू दिली न्हाई. काथ्यानं पुसलं, तर पापुद्रे सुटले! चिंचंनं पाप जातंय, तर महाराजाची काय गरज?"

"सचिवाला बाधा झाली!" महाराज ओरडले.

"थांबा, उतरविते," म्हणत भिवराबाईनं महाराजांच्या हातातली बाटली हिसकली आणि देवळाच्या शहाबादी पायरीवर चार थेंब टाकले.

फस्स!

"आता सांगा महाराज, देवाच्या पायरीनं कुणाचं काय खाल्लं?"

मग कुणीतरी खुदकन हसलं आणि हसू रांगभर पसरलं. शहादेवानं बाटलीवरचं कापड ओढलं. आत फरशी धुवायचं ॲसिड! शहाबादी म्हणजे चुनखडीच, आणि टिपाडातला थरही चुन्याचाच. ॲसिड पडलं की दोन्ही फसफसणार. ऊद जाळला होता तो त्याचा वास झाकायला. महाराज चपलाही न घालता धुरातून निघाले.

त्रिंबकराव मात्र उभेच होते.

"अजून एक पाप हाय. टँकर माझ्या दारापासून सुरू होतो अन् छबुबाईपाशी पोचेस्तोवर रिकामा. मग ती बोअरचं खारं पाणी भरते. उन्हानं पाणी उडून जातं, चुना मागं ऱ्हातो. तिच्या टिपाडावर चढलाय त्यो थर माझ्या यादीचा हाय."

त्यांनी यादीच्या माथ्यावर छबुबाईचं नाव लिहिलं, आपलं तळाला. पेन या वेळी झक्क चाललं.

त्रिंबकराव आजही कीर्तनात पहिल्या रांगेत बसतात, टाळ वाजवतात, अभंगाला रडतातही. फक्त आता डोळे उघडे ठेवून. देवाला हात जरूर जोडावेत, बाबांनो. पण कुणी शेजाऱ्याचं पाप मोजायला आला, तर हात जोडायच्या आधी त्याच्या बाटलीवरचं कापड काढून बघावं.