आयफेल टॉवरच्या मागं

दाजींवर माझा संशय बळावला तो त्या सोमवारी. मी ताईच्या खोलीबाहेर उभी होते. कान दाराला लावला नव्हता, नुसता दाराजवळ नेला होता. आत व्हिडीओ कॉल चालला होता. दाजी हळू आवाजात म्हणाले, "मामांना यातलं काहीच कळू देऊ नको." आणि आमची ताई, जी साधं मांजर दूध पिऊन गेलं तरी सगळ्या घराला सांगते, ती म्हणाली, "न्हाई सांगत."

मामा म्हणजे आमचे पप्पा. आता मला सांगा, जावयानं सासऱ्यापासून लपवावं असं काय असतं? चांगली गोष्ट कुणी लपवतं का?

मी संस्कृती. दहावीला आहे, लिंबागणेशला राहते. यंदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून मला माझा आवाज फार आवडायला लागलाय. आई म्हणते, "लई बोलायलीस आजकाल." मी म्हणते, "ढाल जिंकून आणलीय, नुसती शोकेसमधी ठेवायची व्हय?" आधी मी वर्गात हात वर करतानासुद्धा अर्धाच करायचे. आता मला वाटतं, आपल्याला जे दिसतं ते बोलायचं. आणि मला दिसत होतं की दाजींची काहीतरी गडबड आहे.

माझ्या धनश्रीताईचं लग्न झालं गेल्या वर्षी. दाजी, म्हणजे हरिओम, गेवराईकडचे. त्यांच्या आईवडिलांची मेंढरं आहेत. दाजी शिकायला कॅनडात गेले, तिथंच यंत्रं दुरुस्तीच्या नोकरीला लागले, आता तिथले नागरिक आहेत. लग्नानंतर महिनाभर राहिले आणि परत गेले. जाताना म्हणाले, "तुझ्या पीआरचे कागद लगेच भरतो." पीआर म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी. नवरा नागरिक असला की बायकोला ती मिळते, पण आधी तिथल्या साहेबाला पटवून द्यावं लागतं की लग्न खरं आहे, नुसतं कागदापुरतं नाही. त्यासाठी एकमेकांशी केलेलं चॅटिंगसुद्धा दाखवायचं असतं. हे ऐकून आमची ताई इतकी लाजली की तिनं आधी अर्ध्याहून जास्त चॅट पुसूनच टाकलं.

दाजींनी कागद भरले. त्यालाही आता बरेच महिने झाले. सुरुवातीला गावात जो तो विचारायचा, "कधी चाललीस गं धनश्री?" मग "अजून इथंच व्हय?" असं झालं. आणि परवा तर शेजारच्या साखराबाई आमच्या ओट्यावर बसून शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "एका पोरीचं असंच झालं म्हणं. इकडं ही वाट बघायली आन् तिकडं नवऱ्यानं गोरी करून ठिवली. न्हाई, मी आपलं ऐकलेलं सांगितलं."

त्यात पप्पांचा आवाज सगळ्यात मोठा. पप्पा माजी सरपंच, त्यामुळे घरातसुद्धा ग्रामसभेत बोलल्यासारखं बोलतात. "मला पहिल्यापासून शंका हाय त्या पोराची." ताईला ते सासरी फार राहू देत नाहीत. म्हणतात, "माझी पोरगी मेंढरामागं फिरायला दिलेली न्हाई."

तर, सोमवारचं ते बोलणं ऐकल्यावर मला रात्रभर चैन नाही. सकाळी ताई अंघोळीला गेली आणि मी तिचा मोबाईल उघडला. दाजींनी पाठवलेलं एक इंग्रजी पत्र होतं. घरात इंग्रजी वाचणारी मीच. मी मोबाईल घेऊन सरळ बाहेर आले. पप्पा चहा पीत होते, आई भाकरी थापत होती.

"ऐका!" मी म्हणाले, आणि स्टेजवर उभी राहते तशी उभी राहून वाचायला आणि सांगायला लागले. ऑफिसरला शंका आहे की हे लग्न खरं नाही. फोटोंमध्ये नवरा-बायको पॅरिसला आणि बर्फाच्या डोंगरावर दिसतात, पण बायकोच्या पासपोर्टवर कुठल्याच देशाचा शिक्का नाही. फोटो बनावट वाटतात. महिन्याच्या आत खुलासा करा, नाहीतर अर्ज नामंजूर होईल.

खरं सांगते, मला आधी हसू आलं. आमच्याकडं कुणाचाही लग्नाचा अल्बम काढा. मांजरसुंब्याचा विजयसिंह फोटोवाला सगळ्यांनाच परदेशात नेऊन आणतो. हनुमानकाकांच्या अल्बममध्ये तर काकू एका गुलाबात बसल्यात आणि काका दुसऱ्या. एवढा मोठा गुलाब कुठला, असं कुणी विचारत नाही. ताईच्या अल्बममध्ये मांडवातले फोटो म्हणजे पुढाऱ्यांचे फेटेच फेटे, नवरा-नवरी मागं कुठंतरी. दोघांचेच असे फोटो म्हणजे आयफेल टॉवर, बर्फाचा डोंगर आणि हंसांचं तळं. आयफेल टॉवरच्या फोटोत ताई खदखदून हसतीय आणि दाजी मूठ आवळून हवेतच काहीतरी ओढल्यासारखे उभे आहेत. मला वाटायचं, असेल काहीतरी पोज.

पण मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आपल्याला हे कळत नाही, ठीक आहे. दाजी तर तिथं राहतात! असले फोटो बघून साहेब काय म्हणेल हे त्यांना कळत नव्हतं?

"मुद्दाम पाठवलेत," मी जाहीर केलं. "अर्ज नामंजूर व्हावा म्हणून. म्हणजे ताई इथं, ते तिथं, आणि दोष साहेबाचा!"

आईच्या हातातली भाकर तशीच राहिली. ओल्या केसांनी ताई दारात उभी होती. तिनं येऊन मोबाईल हिसकावला. "तुला कुणी वाच म्हणलं होतं?"

मी पप्पांच्या गडगडाटाची वाट बघत होते. पण पप्पा उठले. चहा अर्धा तसाच. "हिरीवरची मोटार चालू हाय का बघून येतो," म्हणाले आणि चपला घालून गेले. लाईट तर पहाटेपासून गेलेली होती. लाईट नसताना कसली मोटार? पण त्या वेळी माझं सगळं लक्ष दाजींकडं होतं.

दुपारी पप्पा आले ते भडकूनच. "फोन लाव त्याला. असं झुलवत ठिवायचं असंल तर आमी मोकळं होतो."

"मोकळं म्हंजी?" आईनं विचारलं.

"म्हंजी सोडचिठ्ठी. अर्ज नामंजूर झाला की दुसऱ्या दिवशी."

ताई आत गेली आणि घासलेली भांडी परत घासायला लागली. मी मागं गेले. "ताई, दाजी काय लपवायलेत?"

"काई लपवत न्हाईत ते."

"मग पप्पांना कळू द्यायचं न्हाई ते काय? आणि मूळ फोटो का न्हाई पाठवत? विजयसिंहकडं असतील की."

"जळाले म्हणं. त्याचा कॉम्प्युटर जळाला." ताई माझ्याकडं न बघता म्हणाली. "आता गप बस, तुझ्या पाया पडते."

जळाला? मागच्याच आठवड्यात मी बोर्डाच्या फॉर्मसाठी फोटो काढायला विजयसिंहकडं गेलते. कॉम्प्युटर ठणठणीत होता, त्यावर तो पत्ते खेळत बसला होता! म्हणजे दाजींनी कॅनडात बसून विजयसिंहलापण फितवलं. मला सगळं चित्र स्पष्ट दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जीपमध्ये बसले आणि मांजरसुंब्याला उतरले.

"काय गं, अजून फोटो?" विजयसिंह म्हणाला. "किती फॉर्म भरायलीस?"

"माझे नकोत. ताईच्या लग्नाचे पाहिजेत. मूळ. जे तुमच्या जळालेल्या कॉम्प्युटरमधी हायेत."

"जळू दे त्याचं तोंड जो म्हणला! माझ्या धंद्याच्या जिवावर उठलंय का कुणी?"

"माहिती हाय मला. कॅनडावरून फोन आलता ना तुमाला?"

"कॅनडावरून?" तो माझ्याकडं बघतच राहिला. मग खुर्ची मागं सरकवून हसला. "आगं बाई, लिंबागणेशवरून आलता फोन. तुझ्या पप्पाचा. तुझ्या दाजीनं मूळ फोटो मागितले तर देऊ नको, म्हणले. जळाल्याचंबी त्यांनीच उठवलं असंल. आन् पाठीमागचं बदलायलाबी त्यांनीच लावलं. हितंच बसले होते, तू उभी हायेस ना, तिथं. 'पाहुण्यात दाखवायचा अल्बम हाय, मेंढरं काढ' म्हणले. मी एक एक मेंढरू काढलंय, बोटं दुखली माझी."

"कुठली मेंढरं?"

त्यानं फोल्डर उघडलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ताईच्या सासरी काढलेले फोटो होते ते. मी गेले नव्हते, माझी चाचणी परीक्षा होती. आयफेल टॉवर होता तिथं मेंढरांचा वाडा होता, काट्यांचं कुंपण घातलेला. टॉवरच्या बरोबर जागी दाजींचे वडील आसाराममामा, लाल पागोटं बांधून. बाजूला दाजींची आई भामाबाई, तोंडाला पदर लावून हसणारी. आणि मधोमध एक काळं मेंढरू ताईच्या नव्या शालूचा पदर तोंडात धरून चघळतंय, दाजी मूठ आवळून दुसरीकडून पदर ओढतायत, आणि ताई! ताईला एवढं तोंड उघडून हसताना मी आख्ख्या जन्मात बघितलं नव्हतं. अल्बममध्ये हसू तेच होतं, पण ती कशाला हसतीय ते कापून टाकलेलं.

मला बोलायला काही सुचेना. असं ढाल मिळाल्यापासून पहिल्यांदाच झालं.

ते फोटो मी मोबाईलवर घेतले आणि घरी येईपर्यंत सगळं जुळवत गेले. दाजींना माहीत होतं, मेंढरं कुणी काढायला लावली असतील. मूळ फोटो मागितल्यावर सासरा "जळाले" म्हणाला, तर ते वाद न घालता जे होतं ते पाठवून मोकळे झाले. आणि पत्र आल्यावर म्हणाले, मामांना कळू देऊ नको. स्वतःवर संशय आला तरी चालेल, पण मामांना खाली बघायला लागू नये. आणि मी ते पत्र चहाच्या वेळी भाषणासारखं वाचलं होतं.

संध्याकाळी पप्पा ओट्यावर एकटेच होते. मी वही-पेन घेऊन शेजारी बसले आणि मोबाईल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"कुठून आणलास?"

"पप्पा, साहेबाला खुलासा लिहायचाय. कारण काय लिहू?"

"फोटोवाल्याची चूक, असं लिही."

मी पेन खाली ठेवलं. "खोटं सापडलं तर ताईला परत अर्जसुद्धा करता येत न्हाई, कितीतरी वर्षं. मी वाचलंय."

"लई शहाणी झालीस." पण आवाजात जोर नव्हता. मागं दारात ताई येऊन उभी राहिली होती, तिच्यामागं आई.

पप्पा फोटोतल्या मेंढरावर बोट ठेवून म्हणाले, "माझा आज्जाबी हेच करायचा. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कोकणाकडं. माझ्या बापानं ती इकली, रान घेतलं. मी शाळेत गेलो तर पोरं नाक धरायची, मेंढराचा वास येतो म्हणायची. रान घेऊन धा वर्सं झाली होती बे!" ते मला 'बे' म्हणाले, जे पोरं पोरांना म्हणतात. बहुतेक ते माझ्याशी बोलतच नव्हते.

आमचे पणजोबा मेंढरं राखायचे, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"सरपंच झालो. लग्नाला आमदार आले. अल्बम तर सगळेच बघणार." पप्पांनी वहीकडं बोट केलं. "लिही. मी सुंदरराव, मुलीचा बाप. फोटो माझ्या सांगण्यावरून बदलले. जावयाचा त्यात काई दोष न्हाई."

मी लिहिलं. "कारण?"

"कारण कशाला पायजे?"

"पप्पा, साहेब विचारणारच."

त्यांनी ताईकडं बघितलं नाही. "लाज वाटली म्हणून."

मी तेही लिहिलं. मग मला राहवेना. "आता वाटत न्हाई, असं लिहू का पुढं?"

पप्पांनी फोटो परत बघितला. "खोटं लिहायचं न्हाई म्हणलीस ना? मग तेवढं लिहू नको. वाटती थोडी अजून. पण पोरीचा संसार मोडायचा न्हाई मला, असं लिही."

मी अगदी तसंच लिहिलं. इंग्रजीत केल्यावर ते वाक्य काही फार चांगलं वाटेना, पण मी त्याला नटवलं नाही. पप्पांनी सही केली. ताईनं फोन लावला आणि काही न बोलता पप्पांच्या हातात दिला.

"हरिओमराव," पप्पा म्हणाले, "ते मेंढरांचे फोटो सापडलेत. पाठवायल्यात पोरी."

पलीकडून दाजी म्हणाले, "मामा, जेवलात का?"

"न्हाई आजून."

"जेवा मग."

एवढंच बोलणं झालं. पण पप्पा त्या दिवशी खरंच दोन भाकरी जास्त जेवले.

फोटो लावताना मी विचारलं, पहिला कुठला लावू? पप्पांनी शालू खाणाऱ्या मेंढरावर बोट ठेवलं. आणि अल्बम? "तो राहू दे शोकेसमधी," ते म्हणाले. "पाहुण्यांना दाखवायला." तो अजून माझ्या ढालीशेजारीच आहे.

परवा उत्तर आलं. साहेबानं ताईचा पासपोर्ट मागवलाय, शिक्का मारायला, म्हणजे अर्ज मंजूर. आई रडत रडत साखर वाटायला निघाली, तर साखराबाई चिमूट तोंडात टाकून म्हणाल्या, "पासपोर्ट तिकडं मागवला? ठिवूनच घेतला तर? न्हाई, मी आपलं ईचारलं."

मी तोंड उघडणार होते. पण त्याआधी ओट्यावरून पप्पाच ओरडले, "साखराबाई, हिकडं या! आमच्या पाहुण्यांची मेंढरं दाखवतो तुमाला!"