आठवं चित्र

चित्रकलेच्या बाईंनी वही टेबलावर उलटी धरून झटकली. खोडरबराचा एक कणही पडला नाही. ही त्यांची जुनी तपासणी. गृहपाठ साधा होता: घरातली एक वापरातली वस्तू रोज एकाच जागी बसून, सात दिवस काढायची. चुकलं तर चुकलं, खोडायचं नाही. वापरातली वस्तू रोज थोडी हलते. ते हलणं टिपायचं.

याच वहीत त्यांनी काल लाल शाईने लिहिलं होतं, ‘एकच चित्र सात वेळा उतरवले आहे. दहापैकी दोन. पालकांची सही आणावी.’ सही आली होती. वडिलांची, वळणदार.

“बाई, मी उतरवलं नाही,” समोरची मुलगी म्हणाली. आठवीतली, अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. शाळा सुटून वर्ग रिकामा झाला, तरी ती बाकाला धरून उभी होती. “रोज बघूनच काढलं.”

“सातही दिवस आईचा चष्मा तिथेच? तसाच?”

“हललाच नाही तो.”

बाईंनी पानं पुन्हा उलटली. खिडकीच्या कट्ट्यावर चष्मा, एक काडी उघडी, एक मिटलेली. काल घाईत त्यांनी एवढंच पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी आभाळ असावं, सावली जेमतेम होती. चौथ्या दिवशी काचांवर धूळ, बारीक ठिपक्यांनी काढलेली. सहाव्या दिवशी उघड्या काडीपासून खिडकीच्या गजापर्यंत कोळ्याचा एक धागा.

पोर खरं बोलत होती.

तिची आई पालकसभेत भेटली होती. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा. “हा काढला ना बाई, की मला समोर बसलेला नवराही दिसत नाही,” ती म्हणाली होती. “तेवढीच विश्रांती.” सगळ्याजणी हसल्या होत्या. बाईसुद्धा.

“आई कुठंय गं?”

“मामाकडे गेलीय. बाबा म्हणाले.”

“चष्मा न घेता?”

चिमणी बोटांचं शिसं फ्रॉकला पुसत राहिली. मग तिने वहीचं पुढचं पान उलटलं. हे चित्र कुणी सांगितलं नव्हतं. तोच कट्टा, तेच गज. चष्मा नव्हता. धुळीत त्याच्या आकाराची स्वच्छ जागा होती, दोन वाटोळी आणि काडीची एक रेघ.

“आज सकाळी उठले तर असं होतं.”

“बाबांनी सही कधी केली?”

“काल जेवणं झाल्यावर. सगळी पानं बघितली त्यांनी. एकेक.”

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

“येऊ का?”

दारात चिमणीचे वडील उभे होते. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज.

“दोन मार्क बघून मनाला लागलं हो, बाई. म्हटलं, आपणच जावं. वही द्या, घरी नीट करून घेतो तिच्याकडून.”

“हिची आई बरी आहे ना?”

“मजेत आहे. कालच येऊन चष्मा घेऊन गेली. भारी विसरभोळी.”

चिमणीने मान वर केली नाही.

“मार्क बदलायचे तर मोठ्या बाईंचा शिक्का लागतो,” बाई म्हणाल्या. असा कुठला नियम शाळेत नव्हता. “बसा दोन मिनिटं. ही येईल माझ्याबरोबर.”

“न्या की. वही तेवढी राहू द्या. चाळत बसतो.”

त्याचा हात वहीवर आधीच होता. बाईंनी वही सोडली आणि मुलीचं मनगट धरलं.

मोठ्या बाई घरी गेल्या होत्या. पटांगणापलीकडच्या त्यांच्या खोलीत शिरून बाईंनी आतून कडी घातली आणि फोन पुढे ओढला.

“मामाचा नंबर येतो?”

“पाठ आहे.”

ती एकेक आकडा सांगत गेली. पलीकडून मामाचा आवाज आला.

“मी शाळेतून बोलतेय. तुमच्या बहिणीला जरा फोन देता?”

“ताईला? ती इकडे कुठे?” मामा म्हणाला. “दहा-बारा दिवस फोन करतोय मी. भाऊजी उचलतात, म्हणतात झोपलीय. का हो बाई, काय झालं?”

बाई फोन कानाशी धरून खिडकीकडे वळल्या. खिडकीतून समोरचा वर्ग दिसत होता. तो माणूस टेबलावर वाकला होता. त्याचं कोपर मागेपुढे, मागेपुढे होत होतं, शांतपणे, घाई नसल्यासारखं.

“बाई,” चिमणी हळूच म्हणाली, “खोडायचं नव्हतं ना?”

पलीकडे त्याने वही उचलली, उलटी धरली आणि झटकली.